इथं अशी कुणी राहत नाही

गोदामातल्या बायका तिला तोंडावर मुकादमीणबाई म्हणत आणि पाठ वळली की दुर्बीण. तिला दोन्ही नावं माहीत होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडत होतं.

गोदाम केसांचं. विंचरताना फणीत अडकलेले, बोटाला गुंडाळून खिडकीबाहेर टाकलेले केस. फेरीवाले दारोदार हिंडून हे गुंतवळ गोळा करत, पोती भरून आणत, आणि लांब पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने बसलेल्या बायका ते सोडवत. आधी दाभणाने गुंता मोकळा करायचा, मग खिळ्यांच्या फळीवरून ओढून सरळ करायचा, मग लांबी बघून जुड्या बांधायच्या. सगळी मुळं एकीकडे, सगळी टोकं दुसरीकडे. उलटसुलट झालं की टोप बनवणारा माल परत पाठवतो. बाहेरच्या माणसाला हे ऐकून किळस येते. येऊ दे की! तोच माणूस उद्या टक्कल पडलं की टोप शोधत फिरतो.

अशा धंद्यात आयुष्य गेल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होईल? बाईने काय काय पाहिलं नव्हतं! वजन वाढवायला रेती मिसळणारे, घोड्याची शेपटी कापून घुसडणारे, प्लास्टिकच्या धाग्याला तेल लावून आणणारे. शंका आली की ती पोत्यातून चार केस ओढायची, काडी पेटवायची आणि नाक पुढे करायची. मग फेरीवाला आईबापाची शपथ घेवो नाहीतर रडो, पोतं बाहेर. केसाने गळा कापतात असं लोक नुसतं म्हणतात, ती म्हणायची, मी रोज बघते.

आणि फोनचा नियम तिचाच. त्याचं असं झालं, की पलीकडच्या गल्लीत दुसरं गोदाम उघडलं आणि त्यांना हव्या होत्या तयार बायका. शिकवायची कटकट कोण घेणार? मग फोन यायला लागले. गोड आवाज, स्वच्छ भाषा. "मी बँकेतून बोलतोय. अमुक बाई आपल्याकडेच असतात ना? राहायला कुठे?" कुणीतरी भोळेपणाने पत्ता सांगायचं, आणि पुढच्या आठवड्यात ती बाई पलीकडच्या शेडमध्ये बसलेली. बाईने स्वतः हाताला धरून शिकवलेली सगळ्यात चांगली सोडवणारी अशीच गेली. त्या दिवशी बाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "कुणाचाही फोन येवो, कुणाचंही नाव घेवो, एकच उत्तर. इथं अशी कुणी नाही, नंबर चुकलाय. तुमच्या सख्ख्या बहिणीचं नाव घेतलं तरी!"

घरीही हीच तऱ्हा. नवरा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, स्वभावाने इतका गरीब की दुकानात सुटे पैसे मोजून घ्यायचीही त्याला लाज वाटे. "अगं, सगळं जग काय आपल्यालाच लुबाडायला बसलंय का?" असं तो म्हणायचा. "अहो, म्हणून तर तुम्हाला रोज कुणीतरी लुबाडतं," असं ती म्हणायची. त्यांना एकच मुलगी, घरातलं नाव बबी. बबीवर मात्र आईने कधी संशय घेतला नव्हता. घ्यायची वेळच आली नव्हती.

बबी कॉलेजात इतिहास शिकायची आणि दुपारनंतर गोदामात जुड्या बांधायला बसायची. हात चपळ, तोंड बंद. गोदामात परदेशी गिऱ्हाइकं यायची त्यात एक बाई होती, पश्चिम आफ्रिकेतली. वर्षातून दोन-तीनदा यायची, स्वतः माल निवडायची. उंच, भारदस्त, दर खेपेला डोक्यावर वेण्यांची नवीच नक्षी. आपली भाषा तिला बाजारापुरती येत होती. तिला सगळे गिऱ्हाईकबाई म्हणत. मुकादमीणबाईचं तिच्याबद्दल मत ठरलेलं होतं: माणूस इतक्या लांबून इतक्यांदा येतं ते नुसत्या केसांसाठी नसतं. पाणी कुठेतरी मुरतंय.

आणि एका सकाळी ते मुरलेलं पाणी वर आलं, असं तिला वाटलं. गिऱ्हाईकबाई शेडमध्ये शिरली आणि बबी जागेवरून उठली, पुढे गेली, आणि सगळ्यांदेखत तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. वर बघून काहीतरी अगम्य पुटपुटली. गिऱ्हाईकबाईने एक आरोळी मारली, बबीला खांद्याला धरून उठवलं आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मुकादमीणबाईच्या हातातली जुडी खाली पडली. "अगं ए! काय करतेस? ऊठ! कुणाच्या पाया पडतेस?"

"आई, पाया नाही पडले. त्यांच्यात मोठ्या माणसांना मुली असा नमस्कार करतात. आणि बोलले ते त्यांच्या योरुबा भाषेत. मी मोबाईलवर शिकले."

"का शिकलीस?"

"अशीच."

अशीच! मुकादमीणबाईच्या शब्दकोशात हा शब्दच नव्हता. अशीच कुणी कुणाची भाषा शिकतं का? अशीच कुणी खिळ्यांच्या फळ्यांमध्ये, केसांच्या कचऱ्यात गुडघे टेकतं का? त्या दिवसापासून तिने बबीवर डोळा ठेवला.

आणि डोळा ठेवल्यावर दिसायला काय कमी असतं? गिऱ्हाईकबाई आली की बबी तिच्याजवळ. वेणी कुणी घातली, हिला काय म्हणतात, लग्न झालेल्या बाईची वेगळी असते का, तुझ्या गावची आणि शेजारच्या गावची सारखी का. मोबाईलवर काळ्या बायकांचे मागून काढलेले फोटो, चेहरे नाहीत, नुसती डोकी. रात्री पांघरुणात पुटपुटणं. मग एके दिवशी बबीने जेवता जेवता सांगितलं, की परदेशातल्या एका विद्यापीठात आफ्रिकेतल्या संस्कृती शिकवतात, तिने अर्ज केला, विद्यापीठाने तिला घेतलं, आणि एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली की ती जाणार.

बापाने घास तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "वा!"

"वा काय, वा?" आई म्हणाली. "फुकट शिकवणार? राहायला देणार? का? आपण त्यांचे कोण लागतो?"

"आई, शिष्यवृत्ती म्हणतात त्याला."

"आणि आफ्रिकाच का? इतिहास शिकायचा तर इथला संपला का? बरं, आफ्रिकाच शिकायची तर तिसऱ्याच देशात कशाला? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! सरळ सांग, यामागे कोण आहे?"

"कुणी नाही. कॉलेजातल्या सरांनी मदत केली."

झालं. आता सर! मुकादमीणबाई दुसऱ्याच दिवशी कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. इतिहासाचे सर बाहेर पडले तर निवृत्तीला टेकलेला, कानात मशीन घातलेला म्हातारा, एका चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. ती त्यांच्या मागे मागे गेली. सरांनी औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब घेतले, बाकावर बसून स्वतःच्या डोळ्यात घालायचा प्रयत्न केला, ते गालावर सांडले, आणि ते घरी गेले. दुसरा कुणी असता तर त्याची खात्री पटली असती. बाई नवऱ्याला म्हणाली, "इतका साधा माणूस? छे! हा पक्का आहे."

पण खरी गोष्ट ती नवऱ्यालाही सांगत नव्हती. तिला भीती होती ती फसवणुकीची नव्हतीच. सगळं खरं निघालं तर? विद्यापीठ खरं, शिष्यवृत्ती खरी, सर देवमाणूस, तर मग बबी खरंच जाणार. आणि एकदा गेलेली पोर पुन्हा या दोन खोल्यांत कशाला येईल? हे मनात आलं की ती उठून आणखी कुणावर तरी संशय घ्यायची.

बबीने सांगून ठेवलं होतं, "आई, संस्थेचा फोन येईल. घरचा नंबर म्हणून मी तुझा दिलाय. नीट बोल."

"परदेशातून येणार? मला कुठे त्यांची भाषा येते?"

"ते बघतील. तू फक्त हो म्हण."

फोन आला तेव्हा बाई शेडमध्ये उभी होती. पुढ्यात दोन फेरीवाले भांडत होते, एका पोत्यात रेती निघाली होती, आणि कानाशी गोड आवाज, स्वच्छ भाषा, अगदी आपली. बबीचं पूर्ण नाव घेऊन त्याने विचारलं, "या आपल्याकडेच राहतात ना? आणि आपल्याच गोदामात काम करतात असं समजलं. कधीपासून?"

बाईचं रक्त उसळलं. माझ्याच पोरीवर डोळा! "इथं अशी कुणी राहत नाही," ती म्हणाली. "काम पण करत नाही. नंबर चुकलाय."

"पण बाई, हा नंबर तर..."

"एकदा सांगितलं ना! पुन्हा फोन केलात तर पोलिसात देईन." आणि तिने फोन कापला, रेतीवाल्याचं पोतं लाथेने उलटं केलं, आणि दिवसभर खुशीत होती. संस्थेचा फोन परदेशातून येणार, परक्या भाषेत येणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हा तो असेल, असं तिच्या मनालाही शिवलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पुढे ज्या पोरीने ते मानायला हवं होतं तिने मानलं नाही.

चार दिवसांनी बबी कॉलेजातून आली ती दारातच उभी राहिली. चपला काढल्या नाहीत. "सरांकडे संस्थेचा फोन आला होता," ती म्हणाली. "ते विचारत होते, ही मुलगी खरी आहे का. घरी फोन केला तर सांगितलं, अशी कुणी राहतच नाही."

बाईला एका क्षणात सगळं उमगलं. "अगं बाई! तो... तो पलीकडच्या गोदामाचा नव्हता?"

"आई."

"तो आपल्या भाषेत बोलत होता गं! मला वाटलं..."

"मी सांगितलं होतं फोन येणार. नंबर तुझा होता. त्याने माझं नाव घेतलं. आणि तू म्हणालीस, अशी कुणी नाही." बबीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुला मी जायला नकोच होतं. पहिल्यापासून. मग सरळ नाही म्हणायचंस. रडायचंस. कोंडून ठेवायचंस. असं कशाला केलंस?"

"मुद्दाम नाही केलं! तुझ्या गळ्याची शप्पथ!"

"फेरीवालेही शपथ घेतात," बबी म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

बापाने जन्मात पहिल्यांदा बायकोकडे रोखून बघितलं. "खरंच मुद्दाम नाही ना केलंस?" त्याने हळूच विचारलं. तोही! 

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता संस्थेच्या इथल्या कचेरीत गेली. काचेची दारं, थंडगार हवा, आणि टेबलामागे सर्दीने नाक लाल झालेला एक तरुण. तो "बोला" म्हणाला आणि बाईने आवाज ओळखला.

"मीच ती," ती म्हणाली. "नंबर चुकला नव्हता."

तिने सगळं सांगितलं, पलीकडचं गोदाम, पळवलेल्या बायका, फोनचा नियम. तरुणाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तेव्हा तुम्ही म्हणालात मुलगी नाही. आज म्हणता, आहे. मी कोणतं खरं मानू?"

 तिनेच हा प्रश्न जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता.

"आमचं काय होतं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मुलगी हुशार असते, पण घरच्यांच्या मनात नसतं. ती जाते आणि घरून आजारपणाचे फोन सुरू होतात. मग परत येते. दुसऱ्या कुणाची जागा फुकट जाते. म्हणून आम्ही घरी विचारतो. बरं, एवढं सांगा, ती तिथं नक्की काय शिकणार आहे?"

"आफ्रिका."

"आफ्रिकेतलं काय?"

 यामागे कोण आहे, हे तिने बबीला शंभरदा विचारलं होतं. काय शिकणार, हे एकदाही नाही. तरुणाला तिची दया आली असावी. सरांचं म्हणणं आमच्याकडे आलंय, तो म्हणाला, पण घरचं असं झाल्यावर आणखी एक बाहेरचं माणूस हवं, मुलीचं काम जवळून बघितलेलं, आणि तेही सोमवारच्या आत.

असं माणूस एकच होतं, आणि ते नेमकं त्याच आठवड्यात माल न्यायला आलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुकादमीणबाई गिऱ्हाईकबाईच्या लॉजवर गेली. ती खोलीभर पसरलेल्या खोक्यांमध्ये बसून जुड्या मोजत होती. मुकादमीणबाईने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, काय झालं ते, आणि काय हवंय ते.

गिऱ्हाईकबाईने हातातली जुडी बाजूला ठेवली. "तुम्ही मला चोर समजता," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं.

"समजत होते."

"पाण्याचा पेला माझा वेगळा. खिडकीत, पालथा. बाकी गिऱ्हाईक सगळ्यांच्या पेल्यात पितात. मला दिसतं."

मुकादमीणबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पेला होता खरा. तिनेच ठेवला होता, आणि का ठेवला असं कुणी विचारलं असतं तर 'संशय होता' एवढंही कारण तिला देता आलं नसतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाल्याचं गोदामात कुणाला आठवणार नाही.

"तुमची मुलगी," गिऱ्हाईकबाई शब्द शोधत म्हणाली, "पहिल्या दिवशी विचारते, तुझ्या लहानपणी तुझी वेणी कोण घालायचं? मी इतकी वर्षं येते, सगळे भाव विचारतात. हे कुणी नाही विचारलं. मी सांगितलं, आजी. आजी दुपारभर घालायची, आणि घालताना घराण्याच्या गोष्टी सांगायची, कोण कुठून आलं, कोण कुणाशी भांडलं. मुलगी म्हणते, आमच्या शेडमध्ये इतक्या बायकांचे केस येतात आणि एकीचंही नाव कुणाला माहीत नाही. मला जिथं नाव माहीत असतं तिथलं शिकायचंय." ती पुढे म्हणाली, "मला रडू आलं. तुम्हाला वाटलं, मी जादू करते."

"हो," मुकादमीणबाई म्हणाली. "तसंच वाटलं."

"मी जाईन कचेरीत. मुलीसाठी. तुमच्यासाठी नाही."

"चालेल," मुकादमीणबाई म्हणाली, आणि जिना उतरली.

गिऱ्हाईकबाई गेली. त्या सर्दीवाल्या तरुणाशी ती काय बोलली कुणास ठाऊक, पण तासभर बोलली म्हणतात. सोमवारी बबीच्या मोबाईलवर निरोप आला, शिष्यवृत्ती पक्की. बापाने तिला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची पाठ धरली. घरात कितीतरी दिवसांनी हसू झालं. त्या हसण्यात, बायकोने मागाहून त्याला सांगितलं होतं ते, बापाने सांगून टाकलं, की तुझी आई स्वतः कचेरीत गेली होती, त्या बाईकडेही गेली होती.

बबीचं हसू थांबलं. "गेली असेल," ती म्हणाली. "मनात काही नसतं तर इतकी धावपळ केली असती का?"

  गोदामात एखादा फेरीवाला जास्त गयावया करायला लागला की तीच म्हणायची, खाई त्याला खवखवे. पोरगी तिच्याच हाताखाली वाढलेली होती.

पुढचे सगळे दिवस तसेच गेले. बबी उद्धटपणे वागली नाही. वागली असती तर बरं झालं असतं. "हो आई", "नको आई", "ठेव तिथे आई". पण आई खोलीत आली की मोबाईल पालथा व्हायचा. एकदा बाईने धीर करून विचारलं, "बबे, तू तिथं नक्की काय शिकणार गं? म्हणजे, वेण्यांचं ना? आज्या गोष्टी सांगतात ते?"

बबीने मान वर केली.  "आता का विचारतेस?" ती म्हणाली. "कुणी फोन केलाय का?"

"नाही गं. अशीच."

"अशीच," बबी म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

जायच्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत बॅग तयार होती. बाईने पहाटेच उठून ती भरली होती. कपड्यांच्या नीट घड्या, औषधं वेगळ्या पिशवीत, आणि पासपोर्ट, तिकीट, विद्यापीठाचे कागद सगळं वरच्या कप्प्यात, हाताला लगेच लागेल असं. बाप रिक्षा आणायला गेला होता. बबी आंघोळ करून आली, केस पुसता पुसता बॅगेकडे बघितलं.

"कागद यात ठेवलेस?"

"हो. वरच्या कप्प्यात. सगळे आहेत."

 बबी टॉवेल खांद्यावर टाकून खाली बसली आणि बॅग उघडली. पासपोर्ट काढला, पान न् पान उलटलं. तिकिटावरचं नाव वाचलं, तारीख वाचली. विद्यापीठाचे कागद एकेक करून मोजले आणि सगळं स्वतःच्या पर्समध्ये घातलं. मग कपडे बाहेर काढायला सुरुवात केली. एकेक घडी उलगडून झटकली, औषधाची पिशवी उलटी केली. तिला स्वतःलाही हे बरं वाटत नसावं, कारण तिने एकदाही वर बघितलं नाही. बाहेर रिक्षा येऊन थांबली, बापाने हाक मारली, तरी तिचे हात थांबले नाहीत.

मुकादमीणबाई भिंतीशी उभी राहून बघत होती. रागवायचा हक्क आपल्याला नाही हे तिला कळत होतं. अगं, मी आई आहे तुझी, असं तरीही तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून आपण स्वतः कधी कुणावर विश्वास ठेवला असता का? तिने पदर तोंडाला लावला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"बाहेरचा कप्पा राहिला बघ," ती म्हणाली. "तोही बघून घे."

बबीने तोही उघडून बघितला.